तिखट ही चव नव्हेच!

मुलांनो, जळगावच्या भरताबरोबर हिरव्या मिरचीचा ठेचा खाल्लात, की तुम्ही ओरडता, "तोंड भाजलं!" पण ठेचा तर गारच असतो. मग जीभ खोटे बोलते का?

आपल्या चेतातंतूंच्या टोकांवर उष्णता ओळखणारे एक प्रथिन असते. सुमारे ४३ अंश सेल्सिअसला ते उघडते आणि मेंदूला 'भाजले!' असा संदेश जातो. मिरचीतील कॅप्सायसिन हेच प्रथिन गार घासानेही उघडते. मेंदूला मिळतो तो फक्त संदेश. आग खरी की मिरचीची, हे त्याला त्यावरून कसे कळणार? डेव्हिड ज्यूलियस आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली हे प्रथिन शोधले. ज्यूलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

पोपटाच्या प्रथिनावर कॅप्सायसिनचा परिणाम होत नाही; म्हणून तो मिरची मजेत खातो!

कॅप्सायसिन पाण्यात फारसे विरघळत नाही. तेव्हा तोंड पोळले, तर दूध प्या.