'मार्च१' नावाचं जनुक

सीएसव्ही फाइल म्हणजे साधा मजकूर: एका ओळीत एक नोंद, मध्ये स्वल्पविराम. कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडते, म्हणून मला ती फार आवडते. पण कुठल्या रकान्यात आकडा, कुठे तारीख, कुठे नुसतं नाव, हे तिला सांगता येत नाही. मग उघडणारा प्रोग्रॅम अंदाज बांधतो.

माणसाच्या एका जनुकाचं नाव होतं 'मार्च१'. एक्सेलला ती तारीख वाटायची. फाइल सेव्ह केली की नाव गेलंच, उरायची १ मार्च. २०१६ साली तपासणी झाली, तेव्हा एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात अशा चुका निघाल्या. अखेर २०२० मध्ये नामकरण समितीने जनुकांचीच नावं बदलल्याचं जाहीर केलं. 'मार्च१'चं झालं 'मार्चएफ१'.

विज्ञानाला अशी माघार घ्यावी लागली, हे मला आजही खटकतं. डेटाशेजारी चार ओळींची स्कीमा, म्हणजे रकान्यांचं वर्णन, ठेवली तरी पुष्कळ काम होतं. 'टेबल स्कीमा' हे असंच हलकं प्रमाण. जेसन या मजकुराच्या स्वरूपात एवढंच लिहायचं: रकाना 'जनुक', प्रकार 'मजकूर'. ती वाचणारा प्रोग्रॅम अंदाज बांधत नाही. मुंबईचा एसटीडी कोड ०२२ मग ०२२च राहतो, २२ होत नाही.