एका कंसात तीन संदर्भ

डीएनएवरच्या प्रबंधात एकाच वाक्याला तीन आधार द्यायचे आहेत : मेंडेल (1866), एव्हरी व इतर (1944), वॉटसन आणि क्रिक (1953). आधी कोण?

उत्तर शैलीवर ठरते. एपीएच्या सातव्या आवृत्तीत कंसातली नावे रोमन वर्णक्रमाने लागतात, म्हणून एव्हरी पहिले, मेंडेल दुसरे. कालक्रम मानणाऱ्या नियतकालिकात मेंडेलच पुढे. व्हँकुव्हरसारख्या अंकशैलीत आडनावाला महत्त्वच नाही; जो संदर्भ मजकुरात आधी आला त्याचा आकडा लहान, आणि लागोपाठचे 3, 4, 5 आटोपशीरपणे 3–5 होतात.

अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात तयार होऊन 2006 मध्ये आलेले झोटेरो हे मोफत सॉफ्टवेअर निवडलेल्या शैलीनुसार ही मांडणी आपोआप करते. अट एकच : तिन्ही संदर्भ एकाच वेळी, एकाच चौकटीत घालायचे. सगळी गफलत इथेच होते. एक घातला, चौकट बंद केली, शेजारी दुसरा घातला, की पानावर ‘(एव्हरी व इतर, 1944)(मेंडेल, 1866)’ असे दोन कंस पाठीला पाठ लावून उभे राहतात. ते हाताने खोडून मध्ये अर्धविराम टाकण्याचा मोह टाळावा, कारण हाताने बदललेला संदर्भ पुढे शैली बदलली तरी आपोआप सुधारत नाही.

सर्वांत महत्त्वाचा आधार मुद्दाम पुढे ठेवायचा असेल, तर क्रमवारीचा पर्याय त्या संदर्भापुरता बंद करता येतो. मात्र नियतकालिकाचा नियम आधी पाहावा.