देहूतले कीर्तनाचे चॅनेल आणि त्याचा श्रोता

देहू परिसरातला हरिनाम सप्ताह आता कॅमेऱ्याशिवाय क्वचितच पार पडतो. मंडपाच्या कडेला स्टँडवर लावलेला मोबाइल, तिथून साउंडवाल्याच्या मिक्सरपर्यंत गेलेली वायर आणि या दोन्हींवर लक्ष ठेवून बसलेला एखादा तरुण, एवढ्या सामग्रीवर कीर्तनाचे यूट्यूब चॅनेल चालते. पहिले सबस्क्रायबर घरचे, भावकीतले आणि भजनी मंडळातले असतात. त्यांच्यापलीकडे, ज्यांनी देहू कदाचित पाहिलेही नाही अशा श्रोत्यांपर्यंत पोचणे हे खरे काम आहे आणि त्यात बराच काळ जातो.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, डेटा स्वस्त झाला आणि दोन तासांचे कीर्तन फोनवर ऐकणे परवडू लागले. पुढे २०२० आणि २०२१ मध्ये करोनामुळे पायी वारी झाली नाही. तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. घरी थांबलेल्या वारकऱ्यांना पालखीचे प्रस्थान पडद्यावरच पाहावे लागले. त्या दोन वर्षांत वयस्कर माणसांच्या हातालाही यूट्यूबचे वळण लागले आणि ते टिकले.

असे चॅनेल वाढते की नाही, हे आधी आवाजावर ठरते. चाकणच्या कंपनीच्या बसमधला कामगार इयरफोन लावून ऐकतो, शेतात कोणी फोन खिशात ठेवून ऐकतो, कोणी स्वयंपाक करताना तो ओट्यावर ठेवते. पडद्याकडे लक्ष थोडा वेळच असते. फोनच्याच माइकवर घेतलेल्या कीर्तनात टाळांचा खणखणाट पुढे येतो आणि महाराजांचे शब्द बुडतात. म्हणून अनुभवी मुलगा कीर्तनाच्या पुष्कळ आधी मंडपात जातो, साउंडवाल्याशी गोडीत बोलतो आणि मिक्सरमधून वेगळी लाइन घेतो. पण नुसत्या त्या लाइनवरचे कीर्तन बंद खोलीत झाल्यासारखे कोरडे वाटते. त्यात महाराज असतात, मृदंग असतो. मंडपाने मिळून केलेला गजर आणि दृष्टान्तावर उठलेले हसू नसते. त्यासाठी दुसरा माइक श्रोत्यांच्या बाजूला ठेवतात आणि एडिटिंग करताना दोन्ही आवाज एकत्र करतात. आवाजाची पातळी निरूपण ऐकून ठरवली तर पुढे फसगत होते. गजर चढला, मृदंगाची थाप वाढली, की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर पुरता सुधारत नाही. पातळी गजराच्या हिशेबाने आधीच खाली ठेवावी लागते.

परवानगीचा भाग बरेच जण गृहीत धरतात आणि तिथेच चुकतात. तुकोबांचे अभंग सतराव्या शतकातले. त्यांच्या शब्दांवर कोणाचा कॉपीराइट नाही. मात्र कीर्तनकाराच्या सादरीकरणाला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने कलावंताचे हक्क दिले आहेत, आणि कंपन्यांनी बाजारात आणलेली ध्वनिमुद्रणे प्रकाशनापासून ६० वर्षे संरक्षित असतात. कीर्तन सुरू होण्याआधी मंडपातल्या स्पीकरवर लावलेले एखादे प्रसिद्ध भक्तिगीत रेकॉर्डिंगमध्ये आले, तर यूट्यूबची यंत्रणा ते ओळखते आणि त्या व्हिडिओच्या जाहिरातीचे पैसे गाण्याच्या मालकाकडे वळू शकतात. सुरुवातीची ती मिनिटे कापून टाकणे हा साधा उपाय आहे. शूटिंग नको, असे काही कीर्तनकार आधीच सांगतात. तो शब्द पाळलाच पाहिजे. जे होकार देतात, त्यांच्याशी मात्र दोघांच्या फायद्याचे नाते जमते. आळंदीला जोगमहाराजांनी १९१७ मध्ये स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेसारख्या ठिकाणी शिकून नव्याने उभ्या राहिलेल्या तरुण कीर्तनकाराला गावोगावच्या तारखा मिळायला हव्या असतात. चांगले रेकॉर्डिंग तो स्वतःच आपल्या ग्रुपवर पाठवतो, आणि चॅनेलला त्याच्या गावाकडचे श्रोते मिळतात.

शीर्षकात महाराजांचे नाव, अभंगाचा पहिला चरण, ठिकाण आणि वर्ष एवढे असले की शोधणाऱ्याला व्हिडिओ सापडतो. पुष्कळ श्रोते चरणावरूनच शोधतात, म्हणून तो गाथेशी ताडून शुद्ध लिहावा. देहूच्या गाथा मंदिरात चार हजारांहून अधिक अभंग संगमरवरावर कोरलेले आहेत. त्या गावच्या चॅनेलवर अभंगाचा चरण चुकीचा दिसणे शोभत नाही. इंग्रजी कीबोर्ड वापरणाऱ्यांसाठी खालच्या वर्णनात तीच नावे रोमन लिपीत देतात. वर्णनात ००:०० पासून वेळा लिहिल्या, तर रूपाचा अभंग, निरूपण, गजर असे टप्पे पडतात आणि अर्ध्यावर थांबलेला श्रोता दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे ऐकू शकतो.

थंबनेलवर मोठ्या अक्षरांत भडक वाक्य टाकण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. त्याने क्लिक वाढतात, हे खरे आहे. पण ज्या विनोदाचे आमिष दाखवले तो मिळाला नाही की माणूस मिनिटभरात निघून जातो, आणि ज्यातून लोक लवकर निघून जातात असा व्हिडिओ यूट्यूब पुढच्यांना कमी दाखवते. कीर्तनाच्या बाबतीत याहून मोठे नुकसान असे, की तोडलेले वाक्य महाराजांच्या तोंडी वेगळाच अर्थ घालते. कीर्तनकाराचा विश्वास एकदा गेला की पुढच्या सप्ताहात कॅमेऱ्याला जागा मिळत नाही.

श्रोत्यांची भरती तिथीप्रमाणे येते. माघ शुद्ध दशमीला भंडारा डोंगरावर यात्रा असते, फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकाराम बीज, ज्येष्ठ वद्य सप्तमीला पालखीचे प्रस्थान, मग आषाढी. पुढे कार्तिकातला काकडा आणि कार्तिक वद्यातली आळंदीची यात्रा. त्या त्या दिवसांत त्या त्या विषयाचा शोध वाढतो, म्हणून बिजेचे कीर्तन बीज उलटून गेल्यावर टाकले तर ते वर्षभर कोपऱ्यात पडून राहते. जुने, नीट नाव दिलेले रेकॉर्डिंग मात्र पुढच्या वर्षी त्याच तिथीला पुन्हा वर येते. लहान चॅनेलची खरी पुंजी हीच आहे. रोजच्या वेळेचेही तसेच: हरिपाठ आणि काकडा पहाटेच्या आत चॅनेलवर चढलेला असावा, कीर्तन संध्याकाळी.

बिजेच्या दिवशी थेट प्रक्षेपण करू पाहणाऱ्याची परीक्षा असते. मोबाइलवरून लाइव्ह करायला किमान ५० सबस्क्रायबर लागतात आणि चॅनेलवर ही सोय पहिल्यांदा सुरू व्हायला २४ तासांपर्यंत वेळ जाऊ शकतो, त्यामुळे आदल्या दिवशी जागे झालेल्याची संधी हुकते. दुपारी बाराच्या सुमारास नांदुरकीच्या झाडाजवळ पुष्पवृष्टी होते तेव्हा गावात लाखोंचा समुदाय असतो. प्रत्येकाच्या हातात फोन आणि सगळे त्याच टॉवरवर. नेमक्या त्या क्षणी चित्र गोठते. जवळच्या घरातून किंवा दुकानातून फायबरची वायर घेता आली आणि चित्राची प्रत उतरवून ७२०पी वर ठेवली तर प्रक्षेपण तगते. त्याला अपलोडचा सुमारे ४ एमबीपीएस वेग स्थिर मिळाला तरी पुरतो. वायरची सोय नसेल तर लाइव्हचा हट्ट सोडून रेकॉर्डिंग करावे आणि गर्दी ओसरल्यावर चढवावे. अडखळणाऱ्या लाइव्हपेक्षा त्याच रात्री आलेले स्वच्छ रेकॉर्डिंग अधिक ऐकले जाते.

छोट्या व्हिडिओंच्या टिकटॉकवर भारतात जून २०२० मध्ये बंदी आली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्सची सुरुवात भारतातून केली. कीर्तनातला मिनिटभराचा दृष्टान्त शॉर्ट म्हणून झपाट्याने पसरतो. तो ज्या प्रमाणावर, म्हणजे आधाराच्या संतवचनावर, बेतलेला आहे ते प्रमाण तुकड्यात ठेवावे आणि पूर्ण कीर्तनाची लिंक जोडावी. एवढे करूनही शॉर्ट पाहणाऱ्यांतले थोडेच जण दोन तासांच्या कीर्तनाकडे वळतात.

जाहिरातीच्या उत्पन्नासाठी १,००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत ४,००० तासांचा वॉच टाइम लागतो, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज. शॉर्ट्सच्या फीडमध्ये पाहिलेला वेळ त्या ४,००० तासांत धरत नाहीत. चार हजार तास म्हणजे २,४०,००० मिनिटे. एकेक श्रोता सरासरी दोन मिनिटे थांबला तर सव्वा लाखाच्या आसपास व्ह्यूज हवेत. बारा मिनिटे थांबला तर वीस हजार पुरतात. लांब कीर्तनाचा चॅनेलला फायदा होतो तो इथे. 'तू मला कर, मी तुला करतो' अशी सबस्क्राइबची अदलाबदल यूट्यूबच्या नियमांत बसत नाही आणि तिचा उपयोगही नाही, कारण ती माणसे ऐकायला कधीच येत नाहीत. कमेंटमध्ये 'रामकृष्णहरी' लिहिणाऱ्याला उत्तर देणे, त्याने मागितलेला अभंग पुढे टाकणे, याने एकेक श्रोता टिकतो.

अट पूर्ण झाली की लांब व्हिडिओवरच्या जाहिरातींच्या उत्पन्नातले ५५ टक्के चॅनेलला मिळतात. खात्यावर १० डॉलर जमले की पत्ता तपासण्यासाठी गूगलकडून पिन क्रमांकाचे पत्र साध्या टपालाने येते, म्हणून पत्ता पिनकोडसह पोस्टमनला समजेल असाच द्यावा. रक्कम १०० डॉलर होईपर्यंत बँकेत काही येत नाही. तोवरचा माइक, मेमरी कार्ड आणि पेट्रोलचा खर्च घरातूनच होतो, आणि बहुतेकांचा तो नंतरही पूर्ण निघत नाही.

श्रोते वाढले की खाते चोरीला जाण्याचा धोकाही वाढतो. नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या सारोळा कासार गावच्या सुमन धामणे यांचे 'आपली आजी' हे लोकप्रिय चॅनेल ऑक्टोबर २०२० मध्ये हॅक झाले होते. काही दिवसांनी ते परत मिळाले. जाहिरात देतो म्हणून आलेल्या ईमेलमधली फाइल उघडू नये आणि खात्याला दुहेरी पडताळणी लावावी. मंडळाच्या नावाने चॅनेल असेल तर पासवर्ड चौघांत वाटण्याऐवजी यूट्यूब स्टुडिओमधून प्रत्येकाला मॅनेजर किंवा एडिटर म्हणून वेगळी परवानगी देता येते. मूळ रेकॉर्डिंगच्या प्रती दोन हार्ड डिस्कवर ठेवून त्यांवर तिथी, ठिकाण आणि महाराजांचे नाव लिहितात.