संकटातली प्रार्थना आणि पुढचे पाऊल

संकटात देवाला हाक कशी मारावी, हे हिंगोली जिल्ह्यातल्या पुसेगावकरांना वेगळे शिकवावे लागत नाही. संत नामदेवांची नरसी याच जिल्ह्यात. देवाशी रुसावे, भांडावे, त्याच्यापुढे मन मोकळे करावे, ही रीत इथल्या मातीतली. मराठी ख्रिस्ती प्रार्थनाही याच मातीत रुजली. नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात मराठवाड्यातच, जालन्याजवळ, बेथेल ही ख्रिस्ती वस्ती उभारली. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी उपासनेत अभंग आणि भजने आणली, ती मंडळ्यांमध्ये आजही गायिली जातात.

ख्रिस्ती माणूस अडचणीत पहिल्यांदा स्तोत्रसंहिता उघडतो. तिच्यातल्या 150 स्तोत्रांपैकी कितीतरी विलापाची आहेत. आधी दुःख सांगायचे, मग मागणे मागायचे आणि शेवटी भरवसा ठेवायचा, असा त्यांचा सर्वसाधारण क्रम. स्वतः येशूने गेथशेमाने बागेत मरणाचा प्याला टळावा म्हणून विनवले, पण निर्णय पित्यावर सोपवला. मार्गदर्शन मागणाऱ्या प्रत्येक प्रार्थनेचा हाच गाभा आहे.

हा गाभा समजून घ्यायला पंडिता रमाबाईंचे आयुष्य पाहावे. 1870च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेली. 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये पती. पदरी लहानगी मुलगी मनोरमा. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपाशी मुली पाहून त्यांना आपलीच उपासमार आठवली. त्यांनी शेकडो मुलींना आणि विधवांना आसरा दिला आणि केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. तिथे रोज प्रार्थना होई, तसेच शेती, विणकाम आणि छपाईही चाले. 1921 मध्ये मनोरमा गेली, तरी रमाबाईंचे बायबलच्या मराठी भाषांतराचे काम थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी देह ठेवला.

लक्ष्मीबाई टिळकांची कसोटी घरातच लागली. 1895 मध्ये पतीने, म्हणजे रेव्हरंड टिळकांनी, बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. जातीचा भेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांना छळत होता. शेवटी तो माणसानेच केला, असा त्यांच्या मनाने कौल दिला आणि त्यांनी कुणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. ही हकीकत त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहे. 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 1919 मध्ये टिळक गेले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे राहिले होते. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले.

या दोघींना आयुष्याचा सगळा नकाशा एकदम मिळाला नाही. मिळाले ते पुढचे पाऊल, आणि ते त्यांनी टाकले. म्हणून मला वाटते, की प्रार्थनेतून उठल्यावर आपल्या हातून काय घडते, यावरून तिची पारख करावी.

आजही घरात मरण, आजार किंवा कर्ज आले की पाळक येतात, मंडळीतली माणसे जमतात, वचन वाचतात, नाव घेऊन प्रार्थना करतात. दुःखी माणूस एकटा पडत नाही, हा त्यातला मोठा आधार. नापिकीने खचलेल्या आपल्या मराठवाड्यात तो फार मोलाचा आहे. मात्र आजारात डॉक्टर हवाच. जगणे नकोसे वाटत असेल, तर सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेला 14416 या क्रमांकावर फोन करावा. तो फोन लावण्याचे बळ मागणे हीसुद्धा प्रार्थनाच आहे.