पत्थरगट्टीच्या कमानी आणि पायी चालणाऱ्याचा हक्क

नयापुलाकडून चारमिनारकडे आमच्या मंडळाची फेरी निघाली, की मदिना चौकात ती हमखास अडते. एका फेरीत सुलतान बाजारच्या एक काकू होत्या, वय सत्तरीच्या पुढचं. बराच वेळ रस्त्याच्या कडेला उभ्या राहून शेवटी म्हणाल्या, "अहो भाऊ, तुम्ही चारशे वर्षांचं सांगता ते ठीक. पण पायी माणसानं पलीकडे जायचं कसं, याचा काही कायदा आहे की नाही?" आणि तिथूनच ऑटो करून घरी परतल्या. माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. शोधायला लागलो, तर अर्धं उत्तर त्या चौकाच्या थोडं पुढेच दगडात उभं होतं.

दगडातला नियम

सप्टेंबर 1908 मध्ये मुसीला महापूर आला. शहर नव्यानं आखायचं ठरलं, विश्वेश्वरय्यांना बोलावलं गेलं आणि 1912 मध्ये नगर सुधार मंडळ, म्हणजे आपलं आराइश-ए-बल्दा, स्थापन झालं. या मंडळाच्या काळात मदिनाकडून मछली कमानीकडे जाणारा बाजाररस्ता रुंद झाला आणि दुतर्फा ग्रॅनाइटच्या कमानी असलेली दुकानं उभी राहिली. हीच पत्थरगट्टी.

तिची रचना नीट बघा. दुकानं थोडी आत, पुढे कमानींच्या आड छपराखालची वाट, आणि त्यापलीकडे गाड्यांचा रस्ता. गिऱ्हाईक उन्हापावसापासून वाचतं आणि टांग्या-मोटारींच्या वाटेतही येत नाही. पायी माणसाची हद्द कुठे संपते हे सांगायला इथे ना पाटी लागते, ना शिपाई. ते काम दगडी खांब करतात. आज मात्र या वाटेत जागोजागी माल मांडलेला असतो. मग माणूस खाली रस्त्यावर उतरतो आणि खांबांचं संरक्षण वाया जातं.

कागदावरचा नियम

आता काकूंचा प्रश्न. कायदा आहे का? आहे, आणि बराच जुना आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याखाली 1989 मध्ये रस्त्यावरच्या वर्तनाचे नियम आले. चौक किंवा पादचारी पट्टे जवळ आले की वेग कमी करायचा, आणि तिथल्या माणसांना धोका नाही याची खात्री झाल्याशिवाय पुढे जायचं नाही, असं त्यात सांगितलं होतं. फूटपाथ किंवा सायकल ट्रॅक असेल, तर गणवेशातल्या पोलिसाच्या परवानगीशिवाय त्यावर गाडी घालायची नाही, हेही होतं.

2017 मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. त्यात पादचारी, सायकलस्वार, मुलं, वृद्ध आणि दिव्यांग यांची विशेष काळजी घेणं हे चालकाचं कर्तव्य ठरलं. सिग्नल नसलेल्या पट्ट्यांवर तर थांबून पायी माणसाला आधी जाऊ द्यायचं आहे. म्हणजे काकूंचा हक्क पक्का. 2019 च्या दुरुस्तीनं कलम 138 मध्ये आणखी एक पोटकलम घातलं: पादचारी आणि बिगरमोटार वाहनांसाठी राज्यांना स्वतःचे नियम करता येतील. सर्वोच्च न्यायालयानं 14 मे 2025 रोजी चांगल्या फूटपाथचा हक्क घटनेच्या कलम 21 शी जोडला आणि ऑक्टोबर 2025 मध्ये राज्यांना असे नियम सहा महिन्यांत करायला सांगितलं.

मग अडतं कुठे? हे सगळे हक्क कशाला तरी टांगलेले आहेत: रंगवलेल्या पट्ट्याला, फूटपाथला, ट्रॅकला. पट्टे पुसले गेले, फूटपाथच नसला, की नियम लावायचा कुठे?

जागा दिली तिथे काय झालं

1591 च्या चारमिनारभोवती गाड्यांना बंदी करून फरसबंदी झाली. हे काम कित्येक वर्षं रखडत चाललं, पण आज तिथे आजी नातवाचा हात सोडून चालू शकते. टँकबंडवर ऑगस्ट 2021 पासून रविवारची संध्याकाळ गाड्यांविना सुरू झाली. ती सवलत घड्याळाची, जागेची नव्हे. बाह्यवळण रस्त्यालगत 2023 मध्ये सौर छपराचा 23 किलोमीटरचा सायकल ट्रॅक सुरू झाला. ट्रॅक छानच आहे, पण तो शहराच्या कडेला. अफजलगंजात कॅरिअरवर पोती बांधून जाणारा सायकलवाला अजून बस आणि ऑटो यांच्या मधूनच वाट काढतो. त्याच्या सायकलीला लायसन्स किंवा नंबरप्लेट लागत नाही, कारण कायद्यानं ती मोटार वाहन नाही. पण रस्त्यावर त्याचा हक्क कुणाहून कमी नाही.

वारसा म्हणून आपण पत्थरगट्टीच्या कमानींचे फोटो काढतो. माझ्या मते त्या कमानींखालची मोकळी वाट हाच खरा वारसा आहे. ती मोकळी राहिली आणि मदिना चौकात पट्टे ठळक रंगवले गेले, तर 2017 चा नियम तिथे आपोआप जिवंत होईल.

काकूंना मी हे सगळं फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "कायदा आहे ना? मग गाडी थांबेल त्या दिवशी मला बोलवा." पुढच्या फेरीच्या यादीत त्यांचं नाव मी लिहून ठेवलंय.