सिकलसेल : शोधनिबंधांचा आपल्याला काय उपयोग?

लोणखेडा-शहादा परिसरात महाविद्यालये आहेत. तेथील प्राध्यापक मंडळी शोधनिबंध लिहितात, चर्चासत्रांत वाचतात. ‘या कागदांचा आम्हाला काय उपयोग?’ असे सामान्य माणसाला वाटते. प्रश्न रास्त आहे. सातपुड्यातील भिल्ल, पावरा बांधवांमध्ये आढळणाऱ्या सिकलसेल आजाराचे उदाहरण घेऊन मी त्याचे उत्तर देतो.

शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी एका रुग्णाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी पाहिल्या आणि १९१० साली त्यावर निबंध लिहिला. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून हातपाय, पाठ, पोट असह्य दुखते. त्या लवकर मरतात, म्हणून रक्त कमी होते. दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे, हे लायनस पाउलिंग व सहकाऱ्यांनी १९४९ साली सिद्ध केले. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये या पेशी आढळल्याचा निबंध प्रसिद्ध झाला.

१९४९ सालीच जेम्स नील यांनी हा दोष आईवडिलांकडून मुलांत कसा उतरतो, ते दाखवले. एकाकडूनच दोष आला तर मूल ‘वाहक’ होते. त्याला सहसा त्रास नसतो. दोघांकडून आला तर मूल रुग्ण होते. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता रुग्ण मुलाची, दोन वाहकाची आणि एक पूर्ण निर्दोष मुलाची. ‘पहिले मूल आजारी झाले, आता पुढची तीन चांगली निघतील’ हा हिशेब मात्र चुकीचा. दर खेपेला शक्यता तीच राहते.

उपचारही निबंधांतूनच आले. १९८६ साली अमेरिकेत २१५ लहान रुग्णांवर प्रयोग झाला. काहींना रोज दोनदा पेनिसिलिन दिले, काहींना औषधासारखी दिसणारी बिनऔषधी गोळी. पेनिसिलिन घेणाऱ्यांत गंभीर जंतुसंसर्ग ८४ टक्क्यांनी घटला, तेव्हा प्रयोग मुदतीपूर्वीच थांबवला. १९९५ साली २९९ प्रौढ रुग्णांवरच्या अशाच प्रयोगात हायड्रॉक्सीयुरिया या औषधाने तीव्र वेदनांचे झटके जवळपास निम्म्यावर आले. ‘अमुक औषध गुणकारी’ असे कोणी म्हणाले, तर अशी तुलना झाली होती का, हे विचारावे.

भारत सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली आणि २०४७ चे उद्दिष्ट ठेवले. पण तपासणी आपणच करून घ्यायची आहे. लग्नापूर्वी मुलामुलींनी प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करून रक्त तपासावे. प्राथमिक चाचणीत दोष दिसला, तर वाहक की रुग्ण हे ठरवणारी पुढची तपासणी जरूर करावी. वाहक निघाला म्हणून कोणाला कमी लेखू नये. दोष फक्त आईकडून येत नाही, तेव्हा सुनेला बोल लावणे अन्यायाचे.

घरात रुग्ण असल्यास भरपूर पाणी पाजावे, थंडीपासून जपावे. ताप, धाप किंवा अचानक पांढरेपणा दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या मनाने देऊ नयेत. हा पंडुरोग लोहाच्या कमतरतेचा नव्हे.

विद्वानांनी शंभर वर्षे खपून जे शोधले, त्याचा उपयोग आपल्या एका रक्तचाचणीपासून सुरू होतो.