चाओ फ्रायाकाठचं थाई आणि भारतीय जेवण

बँकॉकमध्ये चाओ फ्राया नदीकाठच्या एखाद्या रेस्तराँच्या मेन्यूकार्डावर टॉम यम आणि दाल तडका शेजारीशेजारी दिसले, की खवय्ये नाक मुरडतात. दोन्ही करणाऱ्याला एकही धड येत नसणार, हा त्यांचा संशय अगदीच निराधार नाही. तयार ग्रेव्हीचं एकच पातेलं आणि त्यातच पनीर, कोंबडी, कोळंबी, असा कारभार पर्यटकांच्या भागात कुठेही चालतो. पण हा दोष स्वयंपाकघरातल्या आळसाचा झाला. त्यासाठी या जोडीलाच बेमेळ ठरवणं मला पटत नाही, कारण ती याच नदीने जमवलेली आहे. 1782 मध्ये बँकॉक राजधानी झालं. पूर्वीची एक राजधानी अयुथया याच नदीवर, वरच्या अंगाला. समुद्रातून आलेला माल नदीने तिथवर जाई, आणि इराणी व भारतीय व्यापारी तिथे वस्ती करून होते. मसामान करीत तो संपर्क चाखता येतो. दालचिनी, वेलची, लवंग, जायफळ, भाजलेले धणे-जिरे हा आपल्या ओळखीचा मसाला, आणि त्याला गवती चहा, नारळाचं दूध, चिंच व शेंगदाण्यांची जोड. मिरचीची वाटही सामाईकच. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा आणि 1511 मध्ये मलाक्का घेतलं, त्याच वर्षी त्यांचा दूत अयुथयाला पोचला. पुढे त्यांच्याच व्यापारातून अमेरिकेची मिरची दोन्हीकडे रुजली.

मग इतकं साम्य असताना दोन्ही कशाला मागवायचं? कारण साम्य सामग्रीत आहे, कृतीत नाही. आपण तेल तापवून फोडणी करतो, कांदा परततो. पारंपरिक थाई करीत नारळाचं घट्ट दूध आटवतात, त्याला स्वतःचं तेल सुटलं की त्यातच ओलं वाटण परततात. गवती चहा आणि मकरूट लिंबाच्या पानांचा वास त्या तेलात उतरतो. कोकणातल्या वाटणाची सवय असलेल्या जिभेला हा फरक चटकन कळेल. म्हणून एका टेबलावर लिंबाच्या आंबट-तिखट रसातला वाफवलेला अख्खा मासा आणि शेजारी तंदुरी रोटी, डाळ मागवावी. एकाने दुसऱ्याची चव मारली जात नाही.

नदी दिसते म्हणून जादा पैसे का मोजायचे, हा आक्षेप मात्र रास्त आहे. मसामान पातळ आणि नुसती गोड लागली, तर बाहेरचा देखावा तिची भरपाई करू शकत नाही. अशा ठिकाणी पुन्हा जाऊ नये. शाकाहारी वाचकांनी आणखी एक खबरदारी घ्यावी. भाज्यांच्या थाई करीतही बहुधा माशाचा रस, नाम प्ला, असतो आणि वाटणात कोळंबीची आंबवलेली चटणी, कपि. नाम प्ला वगळता येतो. आधीच वाटलेल्या मसाल्यातली कपि काढता येत नाही. ऑर्डर देण्यापूर्वी वाटणाची चौकशी करा, आणि नीट उत्तर मिळालं नाही तर सरळ डाळभात मागवा.